कपडे घातलेले कॅन

त्या दुष्काळाच्या साली माझी थोरली लेक सहा वर्षांची होती. दसऱ्यानंतर आम्ही नवराबायको ऊसतोडीला जाणार होतो. लेकीनं गेवराईला माझ्या भावाकडं राहून शाळा शिकावी, असं माझ्या मनात होतं. मालकांनी, म्हणजे लेकीच्या बापानं, एकच अट घातली. वाचता येत असेल तर राहील, नाहीतर धाकट्याला सांभाळायला उसात येईल.

मला काळजी नव्हती. सोसायटीच्या डेअरीत आसपासच्या गावांचे दुधाचे कॅन येत, त्यांवर लाल रंगानं गावांची नावं होती. मी दूध घालायला जाई तेव्हा लेक ती घडाघडा वाची. चौथी शिकलेल्या बाईची लेक, म्हणून मी मनातल्या मनात फुगले होते.

मालक परीक्षा घ्यायला आले, त्या दिवशी ऊन लई. दूध नासू नये म्हणून सेक्रेटरींनी कॅनना ओली पोती गुंडाळली होती, नावापुरती जागा उघडी. लेक पहिल्या कॅनपुढं उभी राहिली ती राहिलीच. मग म्हणाली, "आई, आज सगळ्यांनी कपडे घातल्यात. वळखूच येईनात."

वडगावच्या कॅनला बुडाशी पोचा होता आणि पिंपळगावची कडी तुटकी. अक्षरांकडं तिनं कधी बघितलंच नव्हतं. सेक्रेटरी पोट धरून हसले. मालक हसले नाहीत. "चल मग उसाला," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मी तिला पोत्यातलेच कॅन वाचायला लावले. तिनं पोत्यांच्या भोकांवरून गावं ओळखायला सुरुवात केली. मी गुपचूप पोती बदलली. शेवटी वैतागून तिनं अक्षरं बघितली आणि रागानं विचारलं, "वडगाव आन् पिंपळगाव, दोघांचं शेपूट सारखंच कावून?"

मी सांगितलं, त्या शेपटाला गाव म्हणतात. मग ती शेपूट धरून हळूहळू डोक्याकडं सरकायला लागली.

निघायच्या दिवशी ट्रॅक्टर डेअरीसमोर उभा होता. लेक बोचक्यासकट ट्रॉलीत बसली होती. माझा भाऊ गेवराईहून आम्हाला वाटे लावायला आला होता. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम घाई करत होता. तेवढ्यात पाण्याचा परका टँकर आला. मालक लेकीला म्हणाले, "त्याच्यावरचं वाच."

त्या गावाचं नाव तिनं ऐकलंही नव्हतं. "लिं... ब... लिंब... गाव."

मालकांना अक्षर येत नाही. त्यांनी डेअरीच्या दारातल्या सेक्रेटरींकडं बघितलं. सेक्रेटरींनी मान डोलावली. मालकांनी आधी बोचकं खाली टाकलं, मग लेकीला उतरवून भावाजवळ दिलं आणि उगाच मुकादमावर ओरडले.

ट्रॅक्टर निघाला. मी डोळ्याला पदर लावून मागं बघितलं. लेक रडत नव्हती. ट्रॉलीच्या फळीवर रंगवलेलं वाचत, मामाला ओढत ती आमच्यामागं पळत होती.

"थांबा की जरा, अर्धंच झालंय."