मीठ आणलं, पाणी विसरलो

या सदरातले गूढ अनुभव मी दुकानात जेवणाच्या सुट्टीत वाचतो आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसतो. मी रिपेरिंगवाला माणूस. मिक्सर आपोआप सुरू झाला तर मला देव आठवत नाही, मी स्विच उघडून बघतो. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... शिक्षण आठवीपर्यंत, चुका सांभाळून घ्या.

मी उदगीरकडचा. कामासाठी जव्हारला आलो आणि इथंच राहिलो. घर लई लांब. इथं माझं कोणी असेल तर ते कुंटे सर. रिटायर्ड मास्तर, हॅम रेडिओचा नाद — म्हणजे सरकारी परवाना काढून स्वतःच्या रेडिओवरून लांबच्या माणसांशी बोलायचं. एकदा त्यांचा रेडिओ दुरुस्तीला आला, मी तो उघडला आणि बघतच बसलो. सर म्हणाले, "आवडला का? मग शीक की." रोज संध्याकाळी शिकवलं, परीक्षेला बसवलं. फॉर्म भरताना मी दोनदा चुकलो म्हणून तोही त्यांनीच भरला. पास झालो. घरी फोन केला तर आई म्हणाली, "म्हंजे आता पगार वाढला का?"

सूर्यमाळकडे मोबाईलला रेंज मिळत नाही, पावसाळ्यात तर मुळीच नाही. कोणी आजारी पडलं तर जीप बोलवायची कशी? म्हणून सरांच्या रेडिओवाल्या ग्रुपचं ठरलं, तिथं एक रेडिओ ठेवायचा. पण आधी जाऊन दाखवायचं की आवाज जव्हारला पोचतो — दुपारी एकच्या आत. नाही पोचला तर विषय बंद. ग्रुपमधल्या दोघांना मी नको होतो. सर एवढंच म्हणाले, "तो जाईल." त्या रात्री मला झोप नाही.

एप्रिलचा महिना. सकाळी सातला बाळूच्या जीपनं निघालो. सोबत माझा दुकानातला जोडीदार काशिनाथ, मूळ मोखाड्याचा. साडेआठला सूर्यमाळ. बाळू आम्हाला एका पाड्याजवळ सोडून जव्हारला परत गेला, चारला न्यायला येणार होता. हे ध्यानात ठेवा.

आमची अँटेना रँडम वायर. म्हणजे साधी लांब तार — एक टोक झाडावर, दुसरं खाली ट्यूनरला, म्हणजे तार रेडिओशी जुळवणाऱ्या डब्याला. ट्यूनरची बटणं फिरवत मीटरचा काटा खाली आणायचा. पण तार ही अर्धीच अँटेना, उरलेली अर्धी जमीन. तांब्याची सळई ठोकून अर्थिंग द्यायचं. ते धरलं नाही तर काटा उतरत नाही, आणि बोलताना माईक ओठाला चावतो, म्हणजे शॉक देतो.

आमच्याकडं उन्हाळ्यात अर्थिंगला मीठ आणि पाणी घालतात. म्हणून मी यादी करून सगळं बांधून घेतलेलं — सळई, हातोडा, जमिनीवर पसरायच्या चार तारा, कोळसा, एक किलो खडेमीठ. पाणी घेतलंच नाही. दोन बाटल्या होत्या, त्या रस्त्यातच पिऊन संपवल्या.

काशिनाथ पिशवीत डोकावला. "सूर्यमाळला उन्हाळ्यात मीठ घेऊन आलास? नि पानी हितं मिळंल म्हनून? सळई राहू दे, तुझं डोकं ठोक जमिनीत."

मुरूम असा वाळलेला की सळई वीतभरच गेली. काटा वरच चिकटलेला. माईक असा चावला की मी तो टाकूनच दिला. भीतीनं रेडिओ बंद केला, बॅटरी सोडवून काशिनाथच्या मांडीवर ठेवली. मग वाटलं, तारच चुकीची बांधली असेल. पुन्हा आंब्यावर चढलो. दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होतो, म्हणून नक्की सांगतो — दहा पन्नासला मी झाडावर होतो, रेडिओ खाली मेलेला होता आणि बॅटरी मांडीवर घेऊन काशिनाथ मला शिव्या देत होता.

तार तीन वेळा बांधली. काही फरक नाही.

बाराच्या सुमारास पाड्यावरची एक आजी आली, डोक्यावर हंडा. सोनीआजी. सकाळपासून विहिरीवर बसून, वाटी-वाटीनं भरून आणलेलं पाणी. आमच्याजवळ थांबली.

"काय पुरतास रं हितं?"

काशिनाथ म्हणाला, "आजी, हा जमिनीशी बोलतोय. जमीन बोलत नाय."

"तहानली आसंल," आजी म्हणाली आणि हंडा उतरवला.

मला कळलं ती काय करणार ते. मी आडवा आलो. "नको आजी, तुम्ही केवढं चालून आणलंय..."

"तुझं यंत्र बोललं तं पावसात जीप येल का?"

"येईल."

"माझी सून श्रावणात बाळंत व्हायची. सरक."

हंडा रिकामा होईपर्यंत ती ओतत राहिली. मी मीठ टाकत होतो आणि मला वर बघवत नव्हतं. पाणी फसफसत आत गेलं. सळई हातोड्याच्या चार घावांत हातभर उतरली. बॅटरी जोडली, बटणं फिरवली... काटा असा खाली आला, जसा दमलेला माणूस बाजेवर बसतो.

सव्वाबारा वाजले होते. मी कॉल दिला. लगेच सरांचा आवाज आला, शेजारच्या खोलीतून यावा तसा.

"ऐकतोय, ऐकतोय. पहिल्यापेक्षाही छान येतोयस. पाणी निघालंय, आजीला सांग. ओव्हर."

मी काशिनाथकडे बघितलं. आजीचं नाव मी काढलं नव्हतं. पाण्याचंही नाही. मी एवढंच म्हणालो होतो — सूर्यमाळहून बोलतोय, आवाज येतो का?

"कुठलं पाणी सर? ओव्हर."

"अरे, तूच मागितलंस. ओव्हर."

साडेबाराला बाळूची जीप धुरळा उडवत आली. मागे पाण्याचे दोन मोठे कॅन. बाळू वैतागलेला. "आत्ता कुठं चहा घेत होतो. अकराला सरांनी पिटाळलं. तुला पानी पायजे होतं तं सकाळी बोलला आसतास."

अकराला. तेव्हा आजी विहिरीवरच होती.

आजीला मात्र काहीच वाटलं नाही. दोन्ही कॅन घरात नेऊन ठेवायला लावले, आम्हाला नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि चटणी दिली, आणि काशिनाथला म्हणाली, "हा पोरगा जाम भितो रं. त्याला अजून एक भाकर दे."

संध्याकाळी सरांनी वही दाखवली. प्रत्येक बोलणं ते वेळेसकट लिहितात. त्यांच्याच अक्षरात होतं — दहा पन्नास, सूर्यमाळ, आवाज स्वच्छ. खाली निरोप: आजीचा सगळा हंडा अर्थिंगला ओतला, दोन कॅन पाणी पाठवा. त्याखाली सव्वाबाराचं, खरं बोलणं.

"सर, मी तेव्हा झाडावर होतो."

सर हसले. मग माझं तोंड बघून हसायचे थांबले. त्यांनी काशिनाथला विचारलं, बाळूला विचारलं. घड्याळ तपासलं, बरोबर होतं. दुसरं कोणी मस्करी करत असेल? पण सर म्हणाले, "तुझा आवाज मी ओळखत नाही होय? 'आजीनं लई दमून आणलं होतं सर' असं इथं दुसरं कोण बोलतं?"

रेडिओ आता सूर्यमाळला आहे. सोनीआजीच्या सुनेसाठी श्रावणात जीप वेळेवर गेली, मुलगी झाली. अर्थिंगला पाणी घालायचं काम आजीनं स्वतःकडे घेतलंय, आणि मी जाताना आधी पाण्याचा कॅन जीपमध्ये ठेवतो, मग मीठ.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि प्रत्येक गोष्टीचं कारण फळ्यावर मांडणाऱ्या सरांकडेही नाही. कोणाला माहीत असेल तर जरूर कळवा. फक्त सरांची एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मी विचारलं होतं, दहा पन्नासचा तो आवाज अगदी माझ्यासारखाच होता का?

सरांनी वही मिटली. म्हणाले, "तुझाच होता. एवढाच फरक — अजिबात घाबरलेला नव्हता."