न मळलेलं कार्ड

गावात कोणती बाई आपलं बाळ घेऊन कुठे लपली असेल, हे आनंदाबाईला न सांगता कळायचं. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अंगणवाडीत लसीकरण असायचं. नर्सबाई लसींचा निळा डबा उघडून बसायच्या आणि यादीतली दोन-तीन नावं हमखास गायब असायची. सासू म्हणायची, सून माहेरी गेली. आनंदाबाई ऐकून घ्यायची, चहाला नको म्हणायची आणि मागच्या दाराने सरळ गोठ्यात जायची. तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या ढिगाआड, नाहीतर धानाच्या ढोलीमागे ती सून बसलेली असायचीच.

नर्सबाई म्हणायच्या, आशाताई, तुमचं नाक आहे की काय आहे. आनंदाबाई हसायची. सोळा वर्षं ती गावची आशा सेविका होती आणि गावात तिला नावाने कोणी हाक मारत नव्हतं, आशाताईच म्हणत. नाकाचा यात काही संबंध नव्हता. अठरा वर्षांपूर्वी ती स्वतः आपल्या गोठ्यात तशीच बसली होती. मांडीवर तीन महिन्यांची रुचिका होती आणि पोरीने रडू नये म्हणून तिच्या तोंडावर हात.

लपायला सासूने सांगितलं नव्हतं, नवऱ्याने, म्हणजे टिकारामनेही नाही. भीती तिची स्वतःची होती. माहेरी शेजारणीचं बाळ सुई दिल्यावर दोन दिवस तापाने फणफणलं होतं, मांडीला लिंबाएवढी गाठ आली होती. ते बाळ पुढे धट्टंकट्टं झालं, पण आनंदाबाईच्या डोक्यात ती गाठ राहून गेली. रुचिका माहेरी, घरातच जन्मलेली. त्यामुळे जन्मल्याबरोबर देतात ती बीसीजीची सुईही हुकली होती. त्या वेळच्या नर्सबाई चार महिने दारात आल्या. चारही वेळा आनंदाबाई गोठ्यात. पाचव्या महिन्यात त्यांची बदली झाली आणि नव्या बाईंनी जुनी यादी उकरून काढली नाही.

पुढे दोन वर्षांनी गावात आशा नेमायची होती. दहावी पास सून म्हणून तिचं नाव निघालं. मोहाडीला प्रशिक्षण झालं. तिथे शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, लोक आधी तुमच्या घरात डोकावतील, तेव्हा स्वतःच्या लेकराचं कार्ड पूर्ण ठेवा. सोबत कोऱ्या कार्डांचा गठ्ठा दिला. घरी आल्यावर आनंदाबाईने दुपारी दार लावून घेतलं आणि एक कार्ड भरलं. रुचिकाचं नाव, जन्मतारीख, बीसीजी, ट्रिपल, पोलिओ, गोवर, काविळीच्या लसीचे तीन डोस. एकाच बैठकीत लिहिलेलं वाटू नये म्हणून अर्ध्या तारखा निळ्या पेनने लिहिल्या आणि अर्ध्या काळ्या. नर्सबाईंची सही करायची काही हिंमत झाली नाही. सहीच्या जागी तिने नुसती शेपटीसारखी रेघ ओढली.

पुढेमागे पोरीला गुपचूप टोचून घेऊ, असं तेव्हा तिने ठरवलं होतं. पण टोचायचं म्हणजे नर्सबाईंना सांगायचं, आणि सांगायचं म्हणजे आशाच्या घरातच नव्हतं हे सांगायचं. दर महिन्याला ती दुसऱ्यांच्या लेकरांच्या मांड्या घट्ट धरून बसायची आणि रुचिका पाटी घेऊन शेजारी खेळायची.

हे कार्ड तिच्या फार कामी आलं. कोणी बाई अडून बसली की आनंदाबाई पिशवीतून ते काढायची. घ्या, माझ्याच पोरीचं पाहा. लोकांच्या घरची कार्डं म्हणजे हळदीचे हात लागलेली, घडीवर फाटलेली, उंदरांनी कोपरे खाल्लेली. हे मात्र कोरं करकरीत. मोहाडीच्या झेरॉक्सवाल्याकडून तिने ते लॅमिनेटही करून आणलं होतं. एकदा कुंताबाईच्या नातवाला गोवर निघाला, तेव्हा बोअरिंगवर पाणी भरणाऱ्या सगळ्या बायांसमोर तिने हे कार्ड कुंताबाईच्या नाकासमोर धरलं आणि म्हणाली की आई-आजी असतात त्या असं करतात. कुंताबाई भरलेली गुंडी तिथेच टाकून घरी गेली. पुढे दोन वर्षं तिने आनंदाबाईकडे मान वर करून पाहिलं नाही.

शाळेत गोवर-रुबेलाच्या सुयांची मोहीम आली, तेव्हा आनंदाबाईने रुचिकाला रांगेत सगळ्यात पुढे उभं केलं. धनुर्वाताचीही सुई शाळेतच झाली. तेव्हापासून तिला थोडं हलकं वाटायला लागलं होतं. बाकीचं आपण विसरलो तर विसरलो.

रुचिका बारावी झाली आणि साकोलीच्या एका नर्सिंग स्कूलमध्ये तिचा नंबर लागला. प्रवेशाच्या कागदांत आरोग्याचा एक चार पानी फॉर्म होता. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, सिकलसेलची तपासणी, आणि शेवटी लसीकरणाची माहिती, पुराव्यासह. पुरावा हा शब्द रुचिकाने मोठ्याने वाचला आणि हसली.

"आपल्याले कायचं टेन्शन? तुझ्या पिशवीतच हाये न कार्ड."

आनंदाबाई भाजी चिरत होती. हो म्हणाली.

धान निसवायला, लोंब्या धरायला लागला होता तेव्हा दोघी हॉस्टेलचं सामान घेऊन साकोलीला गेल्या. स्कूलच्या हॉलमध्ये तीसेक पोरी आणि त्यांचे आईबाप प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते. टेबलामागे रिता मॅडम होत्या, पहिल्या वर्षाच्या शिक्षिका. आवाज बारीक, पण मागच्या रांगेपर्यंत पोचणारा. त्यांनी सांगितलं की सोमवारपासून अर्ध्या मुली दवाखान्यात जातील, नुसतं बघायला, पण बघतानासुद्धा हाताशी सुया असतात. नवी मुलगी पहिल्या वर्षात एकदा तरी स्वतःला टोचून घेतेच. त्या सुईवर कावीळवाल्या रुग्णाचं रक्त असलं, तर ती कावीळ जन्मभर सोबत राहते आणि लिव्हर खाते. म्हणून ज्यांचे लहानपणीचे तीन डोस कार्डावर आहेत, त्यांना एक बूस्टर देऊन पहिल्या तुकडीत घेऊ. ज्यांची नोंद नाही त्यांना तिन्ही डोस पहिल्यापासून, सहा महिने लागतील, तोवर त्यांनी सुईच्या कामापासून लांब राहायचं.

कार्डं बहुतेकांकडे नव्हतीच. कोणाचं पुरात गेलं होतं, कोणाचं घर बदलताना. एका बापाने खिशातून एक चिंधी काढली आणि म्हणाला, मॅडम, उंदरानं फक्त पोलिओ ठेवला. सगळे हसले. मॅडमही हसल्या आणि त्याच्या पोरीचं नाव 'नोंद नाही'च्या यादीत घातलं.

रुचिकाची पाळी आली. मॅडमनी कार्ड हातात घेतलं, उलटं करून पाहिलं आणि वर धरलं.

"हे बघा सगळ्यांनी. अठरा वर्षांचं कार्ड आहे, एक डाग नाही. याला म्हणतात आईचं लक्ष."

"माझी आई आशा हाये," रुचिका म्हणाली. तिने ते नुसतं मॅडमना सांगितलं नाही, मागे वळून पोरींनाही सांगितलं.

लोक वळून पाहायला लागले. आनंदाबाईने पदर सारखा केला. मग मॅडमनी रुचिकाची डावी बाही वर सरकवून दंड पाहिला. बीसीजीची खूण नव्हती. मॅडम म्हणाल्या, काही काही मुलींना उमटत नाही, कार्डावर आहे म्हणजे झालं. आणि त्यांनी रुचिकाचं नाव पहिल्या तुकडीच्या यादीत लिहिलं.

फॉर्मच्या शेवटी पालकाची सही होती. वर एक ओळ: दिलेली माहिती खरी आहे. आनंदाबाई फॉर्म घेऊन खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसली. पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. मोहाडीत एखाद्या खासगी डॉक्टरकडे पोरीला नेऊन तिन्ही डोस देता येतील, हा विचार तिने बसमध्येच दोनदा करून पाहिला होता. पण पोरीला काय सांगून नेणार? आणि सोमवार तर चार दिवसांवर होता. ज्यांच्या आयांनी काही सांभाळलं नव्हतं त्यांच्या पोरींना सगळं मिळणार होतं, आणि तिची तेवढी, कार्डवाली, एका बूस्टरवर जाऊन सुयांजवळ उभी राहणार होती, पहिली, छाती काढून.

ती उठली आणि टेबलाजवळ गेली. रुचिका तिथेच उभी राहून एका पोरीला हॉस्टेलच्या खोलीचं विचारत होती. ती थोडी लांब जावी म्हणून आनंदाबाई क्षणभर थांबली, पण पोरगी हलली नाही.

"मॅडम, हिचं नाव त्या दुसऱ्या यादीत घाला."

"का? हिची तर नोंद आहे."

"कार्ड मीच भरलं हाये."

"मग काय झालं? आशाताईच भरतात की कार्डं."

मॅडमना कळलं नव्हतं. एकदा बोलून सुटका होईल असं तिला वाटलं होतं, तर आता पुन्हा बोलावं लागणार होतं, आणि अधिक स्पष्ट.

"टोचलंच नाही, मॅडम. कावीळचं नाही, बीसीजी नाही, काहीच नाही. शाळेत झालं तेवढंच. मी नुसतं लिहिलं."

रुचिकाचं बोलणं मध्येच तुटलं. मॅडम रागावतील असं वाटलं होतं, पण त्या रागावल्या नाहीत. आवाज खाली आणून विचारलं, किती वर्षं आशा आहात? सोळा, आनंदाबाई म्हणाली. मॅडमनी मान हलवली, पट्टीने रेघ मारून रुचिकाचं नाव खोडलं आणि दुसऱ्या यादीत सगळ्यात खाली लिहिलं. कार्ड परत दिलं नाही. फॉर्मच्या मागे पिन मारायला गेल्या, पण लॅमिनेशनमधून पिन जाईना. तीन वेळा स्टेपलर दाबला. प्रत्येक खटक्याला आनंदाबाईचे डोळे मिटत होते.

बाहेर व्हरांड्यात रुचिका खांबाला टेकून उभी होती. बाही तिने पार मनगटापर्यंत ओढून घेतली होती. आनंदाबाई जवळ गेली तशी ती म्हणाली,

"गोलूले टोचलं होतं का?"

गोलू म्हणजे तिचा लहान भाऊ. तो जन्मला तेव्हा आनंदाबाई आशा होती. त्याचं कार्ड घरी डब्यात होतं, तेलकट, घडीवर फाटलेलं, प्रत्येक रकान्यात नर्सबाईंची सही.

"त्याले टोचलं."

रुचिकाने मान हलवली, मॅडमनी हलवली होती तशीच.

"तू पोरगी म्हणून नाही बाई. मी भेली होती," आनंदाबाई म्हणाली. म्हणताना तिलाच नीटसं खरं वाटलं नाही. पहिला पोरगा असता, तर तिने चारही महिने पळ काढला असता का? सासूने काढू दिला असता का? हे तिने इतक्या वर्षांत स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

रुचिकाने गादीची वळकटी उचलली. तुझी बस निघून जाईल, एवढंच म्हणाली आणि जिना चढून गेली.

घरी आल्यावर टिकारामने विचारलं, झालं का सगळं? झालं, ती म्हणाली. फोन येईल म्हणून ती रोज मोबाइल चुलीजवळ ठेवून स्वयंपाक करायची. रुचिका बापाला फोन करायची. आईला दे असं म्हणायची नाही, आणि टिकारामच्या ते लक्षातही आलं नाही.

बारा दिवसांनी दुसरा मंगळवार आला. यादीत कुंताबाईच्या सुनेचं, दीपमालाचं नाव होतं. दुसरं बाळ, मुलगी, अडीच महिन्यांची. कुंताबाई ओसरीवर तांदूळ पाखडत होती. सून माहेरी गेली, ती सूप न थांबवता म्हणाली. आनंदाबाई मागून गोठ्यात गेली. दीपमाला तणसाआड बसली होती, बाळ पदराखाली.

नेहमीच्या सवयीने आनंदाबाईचा हात पिशवीत गेला. आत रजिस्टर होतं, लोहाच्या गोळ्या होत्या. हात तसाच बाहेर आला. मग ती दीपमालाच्या शेजारी खाली तणसावर बसली. आजवर ती अशी कोणाजवळ बसली नव्हती, उभ्यानेच बोलायची.

"मी बी अशीच बसली होती," ती म्हणाली. "रुचिकाले घेऊन. चार महिने."

दीपमाला तिच्याकडे पाहायला लागली. "अन् ते कार्ड?"

"खोटं होतं. मीच लिहिलं."

ओसरीवरचं सूप थांबलं. गोठ्याच्या कुडाला कान लावायचीही गरज नव्हती, इतकं जवळ होतं ते. संध्याकाळपर्यंत बोअरिंगवर जाईल, रात्रीपर्यंत सगळ्या टोल्यांत, वस्त्यावस्त्यांवर. आनंदाबाईला ते बोलायच्या आधीच माहीत होतं. तरी ती उठली नाही.

दीपमालाने जरा विचार केला. पोरगी हुशार होती.

"रुचिकाले काही झालं का मंग?"

"नाही. काही नाही झालं."

"मंग कायले टोचाचं, आशाताई?"

प्रशिक्षणात शिकवलेली सगळी उत्तरं आनंदाबाईला पाठ होती. त्यातलं एकही तिने दिलं नाही.

"तुले अठरा वर्षांनी विचारन ती," आनंदाबाई म्हणाली. "माझी विचारून गेली. बारा दिवस झाले, माझ्याशी बोलत नाही."

कुंताबाई गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली होती. हातात सूप तसंच होतं. आनंदाबाईने या वेळी मान वर केली नाही.

"ऊठ व," कुंताबाई सुनेला म्हणाली. "नर्सबाई बसून हायेत तिकडे."

दीपमालाने बाळ खांद्यावर घेतलं. आनंदाबाई मागे राहिली, तिच्या लुगड्याला तणस चिकटलं होतं. ते झटकायला तिने बराच वेळ लावला.