मगरिबला उठणारी पानं

अब्बांना लकवा मारला, तेव्हा माझ्या पीएच.डी.चं शेवटचं काम राहिलं होतं. ते काम मला त्यांच्याच खोलीत करावं लागलं. भिसेगावच्या आमच्या घरात वारा न लागणारी तेवढी एकच खोली होती. पंखा त्यांना सोसत नव्हता आणि माझ्या पानांनाही चालत नव्हता.

माझा विषय आरारूट आणि त्याच्या घराण्यातली झाडं. आजाऱ्याला ज्याच्या पिठाची पेज देतात, तेच हे आरारूट. हळद, केळ, कर्दळ ही त्याची लांबची भावंडं. पण आरारुटाच्या पानाच्या मानेशी एक फुगीर सांधा असतो. दिवसभर पान आडवं पसरलेलं असतं. दिवस कलला की सांध्याच्या एका बाजूला पाणी भरतं, दुसरीकडचं ओसरतं आणि पान हळूहळू उभं राहतं. संध्याकाळी कुंडीकडे पाहिलं तर वाटावं, कुणी दुवा मागायला हात उचललेत.

पोशीरला एका शेतकऱ्याच्या विहिरीकडेला आरारूट होतं, तिथून मी कंद आणून कुंडीत लावले होते. चांगली सहा-सात पानांची झाली तेव्हा कुंडी कॉलेजातून टेंपोत घालून घरी आणली. वाटेत एका पानाच्या मानेला मार बसला. ते पान काही सुकलं नाही, हिरवंगार राहिलं, पण उठेना. कापणार होते, मग म्हटलं असू दे, बाकीच्यांशी ताडून बघायला उपयोगी पडेल.

अब्बांचा उजवा हात गेला होता. ज्या हातानं त्यांनी उभा जन्म खोपोलीच्या कारखान्यांचा माल चढवला-उतरवला, तो हात आता चादरीवर पडलेला असायचा. बोलणं जड झालं होतं, तरी कळायचं. हात गेला आणि त्यांनी नमाज सोडली, दुवा सोडली. पडल्यापडल्या डोळ्यांच्या इशाऱ्यानं नमाज होते, हे अम्मीनं सांगितलं, शेजाऱ्यांनी सांगितलं, मशिदीतले बुजुर्ग घरी येऊन सांगून गेले. अब्बांचं एकच.

"एका हातानं भीक मागतात. दुवा नाय मागत."

एवढं बोलून तोंड भिंतीकडे. अम्मीला हात गेल्यापेक्षा हे जास्त लागलं. रोज संध्याकाळी मगरिबच्या नमाजसाठी ती त्यांच्याच खोलीत जानमाज अंथरायची, मुद्दाम, त्यांना दिसेल असं. ते बघायचे नाहीत. माणूस जिवंत आहे आणि त्याला काही मागायचंच नाही, हे घरात वावरताना सोसवत नाही हो. मला तर नाहीच सोसवायचं. मी चिडायचे आणि कुंडीजवळ जाऊन बसायचे.

कुंडी आल्यापासून मात्र अब्बांचं तोंड भिंतीकडून इकडे वळलं. दुपारभर पानांवर नजर.

"यांना कोण सांगतं गं, वेळ झाली म्हणून?" त्यांनी एकदा विचारलं.

"तेच तर शोधतेय. उन्हामुळे कळतं की आतूनच कळतं, ते."

"सांध्यात पाणी भरतं म्हणालीस ना? मग माझ्या खांद्यात भर थोडं."

मी हसले. ते हसले नाहीत.

शेवटचा प्रयोग सोपा होता. कुंडीवर जाड काळं खोकं घालायचं, आत अंधारात दिसणारा छोटा कॅमेरा, आणि दोन दिवस उजेडाचा कण आत जाऊ द्यायचा नाही. काळोखातही पानं वेळेवर उठली, तर वेळ त्यांची त्यांना कळते. मी दोघांना बजावून सांगितलं, "खोक्याला हात लावायचा नाही. लावलात तर माझी मेहनत मातीत." अब्बांना म्हटलं, तुम्ही राखणदार. त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून जरा लवकर आले. अजानला अजून अवकाश होता. खोलीच्या दारात पोचते तर काय, अम्मीनं खोकं उचललेलं आणि मोबाइलची बॅटरी थेट पानांवर!

"अम्मी! अगं काय केलंस हे! सगळं फुकट घालवलंस!"

अम्मी दचकली, पण ऐकून घेईल ती अम्मी कसली. "आणि मगरिबच्या वक्ताला घरात काळोख कोंडून ठेवतात का गं? दिवे लावायची वेळ ती. बिचाऱ्या झाडानं काय पाप केलंय?"

"तिला काय नको बोलू," अब्बा म्हणाले. "मीच उचलायला लावलं."

"तुम्ही? राखणदार ना तुम्ही?"

"मला बघायचं होतं." ते दमले, थांबले. "ऊन नाय, अजान नाय, कोण सांगायला नाय. तरी उठतात का ते."

माझे डोळे आपोआप कुंडीकडे गेले. बॅटरी तर आत्ता लागली होती, आणि पानं केव्हाची उभी होती. फक्त ते मार लागलेलं एक पान तेवढं आडवं पडलेलं.

"ते एक नाय उठलं," अब्बा म्हणाले.

"त्याचा सांधा गेलाय अब्बा. ते नाही उठायचं आता." बोलून गेले आणि जीभ चावली.

ते त्या पानाकडे बघत म्हणाले, "आणि बाकीची त्याच्यासाठी थांबली नाय."

अजान झाली. अम्मीनं खोकं खाली ठेवलं, जानमाज अंथरली. मी दारातच उभी. अब्बांनी डोळे मिटले, पापण्या हलत होत्या, ओठ हलत होते. कितीतरी महिन्यांनी ते नमाज पढत होते.

नमाज झाली. अम्मीनं दुवेला हात उचलले. अब्बांनी डावा हात चादरीतून काढला आणि छातीपाशी उघडा धरला. तो त्यांनी खाली घेतला नाही.

अम्मीनं ते पाहिलं. मला वाटलं, ती आता त्यांचा उजवा हात उचलून धरेल. तिनं उचलला नाही. चादरीवर पालथा पडलेला तो हात तिनं नुसता उताणा करून ठेवला आणि परत आपले हात वर केले.