तक्रारदाराची सही बाकी

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षे झाली होती. सोमवार, पेरणीला आठवडा बाकी. ठाण्यात हजर: मी म्हणजे फौजदार, जमादार, ग्रामसेवक, तक्रारदार आणि त्याची वहिनी. पुष्कळ प्रकरणे विसरलो. ही हजेरी पाठ आहे.

देऊळघाटकडचे एकत्र कुटुंब. जमीन थोरल्याच्या नावावर. त्याला लकवा झाला, तेव्हा शेतकी योजनेच्या कागदांवर सही करायचा अधिकार त्याने बायकोला लिहून दिला. त्या अधिकारपत्रावर तिचा अंगठा होता. ज्वारीच्या बियाण्याच्या अर्जावर मात्र सही. ती ग्रामसेवकाने खोटी ठोकली, अशी धाकट्या भावाची तक्रार. पंचायत समितीने बियाणे अडकवले.

जमादाराने धाकट्याला विचारले, "काऊन बे, बियाणं नाही आलं तं तू काय पेरशीन?"

"पडीत राहू द्या वावर!"

स्वतःचेच वावर पडीत ठेवायला निघालेल्या माणसाचे दुखणे बियाण्याचे नसते. मी वहिनीपुढे कागद आणि टाक ठेवला.

"घाई नोका करू साहेब. तीनच महिने झाले शिकून."

दुपारी देवळात साक्षरतेचा वर्ग भरे, ती तिथे जात होती. अक्षरे झाल्यावर तिने वरची रेघ उजवीकडून डावीकडे ओढली; सुरुवातीला, उजव्या टोकाशी, शाईचा ठिपका पडला. अर्जावरच्या सहीतही ठिपका तिथेच होता.

धाकटा उसळला. "दादाले पाठीवर दवाखान्यात म्या नेलं. अन् अधिकार कोनाले? काल आलेल्या बाईले!"

"काल? तुमचं लगन म्याच जमवलं, भाऊजी."

जमादार हसला. धाकट्याची मान खाली गेली. "लिहा साहेब, तक्रार मांगं घेतो," तो पुटपुटला.

अर्ज लिहून झाला. शाईची गादी पुढे केली, तसे त्याने वहिनीच्या सहीकडे पाहिले आणि हात मागे घेतला.

"अंगठा नाही देत. सही शिकून येतो."

दुपारीच मी माझा अहवाल पाठवला. बियाणे सुटले, पेरणी वेळेवर झाली. तोवर कुठल्याही गुन्ह्यात फायदा कोणाचा, एवढेच मी विचारत असे. त्यानंतर डावलले कोणाला, हेही विचारू लागलो.

तो आला नाही. माझी बदली झाली. दर वर्षी नव्या डायरीत राहिलेली कामे उतरवून घेतो, त्यात पहिली ओळ तीच असते: तक्रार मागे घेतल्याच्या अर्जावर तक्रारदाराची सही घेणे.