कुंकवाखालचं जपानी

युसूफ वडगाव या गावचे ख्वाजाभाई मेकॅनिक दोन वर्षं मोबाइलवरून जपानी वाचायला शिकत होते, निव्वळ हौसेखातर. रोजची अक्षरं गॅरेजच्या भिंतीवर खडूनं गिरवायचे. बायको आमिनाबी म्हणायची, "अजी, ये चिड़िया के पाँव कब तक निकालते?"

मग गावातल्या गहिनीनाथनं जुना जपानी ट्रॅक्टर आणला. पाच दांडे, त्यांवरची नावं जपानीत; कुठला कशाचा कळेना. चुकीचा ओढला की ट्रॅक्टर उड्या मारी आणि मागचा माती फोडणारा रोटाव्हेटर थांबतच नसे.

"वाचा की भाई! लई शिकलाव ना?" गहिनीनाथ म्हणाला.

भाई मनात म्हणाले, आज वाचता आलं न्हाई तर गावभर हसं! ते वाकले, तर अक्षरांच्या पट्टीवरच गहिनीनाथच्या बायकोनं, सत्यभामानं, पूजेचं ठसठशीत स्वस्तिक काढलेलं.

"वैनी, एवढ्या ट्रॅक्टरवर हीच जागा घावली?"

"मग! तीच तेवढी पांढरी होती!" म्हणत तिनं हात जोडले आणि पदरानं कुंकू पुसलं.

खालची अक्षरं भिंतीवरचीच निघाली! "ह्यो रोटाव्हेटरचा! हे चालू, हे बंद!" गहिनीनाथनं ट्रॅक्टर सुरू केला, रोटाव्हेटर घरघरला आणि भाईंनी दांडा ओढला. रोटाव्हेटर गपगार.

सत्यभामानं कुंकवाची वाटी पुढं केली. "आता बॉनेटवर तुमीच काढा भाई, जपानीत. पण 'बंद' नगं हं, 'चालू' काढा!"