बॅटऱ्या राखणारा ओलाल

रावेरा बाजारात ओलालची शेड कुठं असं विचारलं, तर कुणी हात वर करून दाखवत नाही. नुसती सरोवराकडे हनुवटी हलवतात. मासळी वाळवायची जाळी संपतात तिथं पत्र्याची एक लांबट शेड उभी आहे. छपरावर सौर पाट्या, भिंतींना वर आणि खाली मोठाले झरोके. आत फक्त सिमेंटचे ओटे. लाकडाची फळी नाही, चटई नाही, दाराला पडदा नाही. ओट्यांवर मोटारसायकलींच्या बॅटऱ्या हात हात अंतर सोडून बसलेल्या असतात आणि त्यांच्या मधून ओलाल फिरत असतो. गोठ्यात गुरांवरून हात फिरवावा तसा तो प्रत्येकीवर तळवा टेकवत जातो.

आयुष्याची चाळीस वर्षं या माणसाने कंदील दुरुस्त केले. रात्री ओमेना, म्हणजे बोटाएवढी चंदेरी मासळी, पकडायला जाणाऱ्या होड्यांचे ते हवा भरायचे कंदील. लांबून होडी येताना दिसली की तिच्या कंदिलाची जाळी कुठं फाटलीय हे तो उजेडाच्या रंगावरून सांगायचा. मग होड्यांवर सौर दिवे आले आणि कंदील माळ्यावर गेले. दोन वर्षं ओलाल नुसता बसून होता. पुढे पेट्रोलच्या गाड्या जाऊन विजेच्या आल्या, तेव्हा सत्तावन्नाव्या वर्षी तो किसुमू शहरात अकरा दिवस जाऊन बॅटरीचं काम शिकून आला. वहीत त्याने काही लिहून घेतलं नाही. जे शिकला ते तळहातात घेऊन आला.

बोडावाले, म्हणजे मोटारसायकलीवरून भाड्याने माणसं नेणारे, त्याची थट्टा करत, पण त्याच्या शब्दाबाहेर जात नसत. वासोंगा नावाचा एक ढेरपोट्या गडी होता. डोंगराचा चढ चढून आला की बॅटरी काढून ओट्यावर आदळायचा.

"जादुओंग, लावा की पटकन. गिऱ्हाईक उन्हात उभंय."

थोरल्या माणसाला आमच्याकडे जादुओंग म्हणतात. ओलाल बॅटरीवर हात ठेवायचा आणि लगेच काढायचा.

"भट्टी झालीय हिची. तासभर सावलीत बसू दे. तू पळत आलास की तसाच ताटावर बसतोस का?"

"मी बसतो!"

"म्हणून तर पोट पुढं आणि तू मागं."

सगळे हसायचे. वासोंगा कुरकुर करत सावलीला जाऊन बसायचा. असंच ओलालचं चालायचं. तापलेली लावायची नाही. भिजलेली लावायची नाही, वरून कितीही कोरडी दिसो. ज्या गाडीचा चार्जर त्याच गाडीला. पार शून्यावर येऊ द्यायची नाही, आणि पडून राहणार असेल तर अर्धीच भरून ठेवायची. आणि फुगलेली, मग ती कुणाचीही असो, शेडमागच्या वाळूच्या खड्ड्यात. खड्ड्यात गेलेली बॅटरी परत गाडीवर चढत नसे. तिथं ओलाल कुणाचं ऐकत नसे, सख्ख्या मुलाचंही नाही.

मुलगा म्हणजे ओकुमू. एकुलता. हसऱ्या तोंडाचा, हाताचा सढळ, आणि थांबणं ठाऊक नसलेला. त्याची बॅटरी चढावर मधेच गाडी बंद पाडायची. तापली की आतली एक लहान पाटी वीज तोडते, म्हणून. ओकुमूने शहरातल्या एका मिस्त्रीकडून ती पाटीच काढून टाकली.

"बघा बाबा, आता कुठं म्हणून अडत नाही!"

ओलालने बॅटरी उचलून उन्हात धरली. एका अंगाला तिचं कवच वर आलं होतं, दाढ दुखणाऱ्याचा गाल यावा तसं.

"ही माझ्या शेडमध्ये येणार नाही."

"बाबा, मी तुमचा मुलगा आहे."

"आत वीस जणांच्या पोटाचा आधार आहे. मागं खड्डा आहे, तिथं ठेव."

"आणि मी काय चालवू? तुमची काठी?"

"ठेव म्हटलं ना."

ओकुमूने ती खांद्यावर टाकली. "शहरात नेऊन मिस्त्रीच्या गळ्यात मारतो," म्हणाला आणि गेला. पण दुसऱ्या दिवशीही त्याची गाडी रस्त्यावर दिसली, तिसऱ्याही. ओलालने विचारलं तर म्हणाला, "दुसरी घेतलीय. पलीकडच्या बाजारात भरतो." ओलालने पुढे विचारलं नाही. खरं तर त्याला विचारायचं नव्हतं.

बॅटरी होती ओकुमूच्या घरात, त्याच्या खाटेखाली. दुसऱ्याच कुठल्या गाडीचा चार्जर लावून तो ती तिथं भरत होता. बापलेकांचं अंगण एकच, घरं मात्र वेगळी, ओकुमूचं फाटकाच्या डाव्या हाताला. आणि लग्न झालेल्या मुलाच्या घरात बाप पाऊल ठेवत नाही. मुलाचा बिछाना बापाच्या नजरेला पडू नये, पडला तर त्या मुलाची पोरंबाळं सुकून जातात, हे आम्हाला दूध सुटायच्या आधी कळतं. त्यातून सून आमोलो दोनदा पोटुशी राहून दोन्हीदा रिकामी झाली होती. आता तिला सहावा महिना होता. ओलाल तर त्या घराच्या दाराकडे तोंड करूनसुद्धा बसत नसे.

दहाव्या दिवशी दुपारी तो जेवायला घरी आला. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि थांबला. वास आला. गोडसर, उग्र, पिकून सडलेल्या फळावर औषध ओतावं तसा. किसुमूच्या अकरा दिवसांत शिकणाऱ्यांना हा वास एकदाच दिला होता, आणि शिकवणाऱ्याने सांगितलं होतं, हा आला की बोलत बसायचं नाही.

मुलाच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. गाडी आंब्याखाली उभी होती. पण सकाळीच ओकुमू पायी बाजाराकडे जाताना त्याने स्वतः पाहिला होता.

"ओकुमू!" त्याने हाक दिली. "आमोलो! कोण आहे का आत?"

कुणी ओ दिली नाही. आतून बारीक सुस्कारा ऐकू येत होता, किटलीचं झाकण उचललं जावं तसा. ओलालने भिंतीतून आत गेलेली वायर दोन्ही हातांनी ओढून तोडली. पण एकदा आतून पेट घेतलेली बॅटरी वायर तोडून थांबत नाही, हे सगळ्या रावेरात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिला बाहेर काढायला हवं होतं. आठ पावलं. दार, बाहेरची खोली, पडदा, खाट.

तो उंबऱ्यापाशी आला. हात चौकटीला लावला. आत काय जळेल? गादी, कपडे, फार तर छप्पर. आणि आपण आत गेलो तर काय जळेल, हे आमोलोच्या पोटात होतं. त्याने हात काढून घेतला आणि सरोवराकडे पळत सुटला. साठीला टेकलेला माणूस, अनवाणी.

आमोलो जाळ्यांवर ओमेना पसरत होती.

"चल! तुझ्या खोलीत बॅटरी पेटतेय. तू आत जा, सांगतो तसं ओढून काढ. नाही, नको, तू नको. कुणाला तरी..."

तिच्या हातातली टोपली खाली पडली.

"बाबा, तो आत आहे."

"कोण?"

"डोकं दुखतंय म्हणून बाजारातून परत आला. झोपलाय."

पुढचं ओलालला सलग आठवत नाही. फाटकात पोचेपर्यंत आत काहीतरी फुटलं होतं आणि खिडकीतून पांढरा दाट धूर बाहेर येत होता. उंबरा कधी ओलांडला ते त्याला कळलं नाही. पडदा पेटला होता. गादी खालून पेटली होती. ओकुमू खाटेवरून उतरून दाराकडे येता येता पडला होता. बापाने त्याला काखेत धरून ओढत अंगणात आणलं. मग वासोंगा आणि इतरांनी वाळूच्या बादल्या ओतल्या. बॅटरी एकीकडे विझवली की दुसरीकडून पेटायची.

ओकुमू दवाखान्यात तीन दिवस जगला. दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज थोडा मोकळा झाला.

"कुणी काढलं मला?"

"मी."

"तुम्ही आत आलात?"

"आलो."

ओकुमू पट्ट्यांच्या आतून हसला असावा. "चादर तरी नीट घातली असती मग."

ओलालने त्याच्या पायावरची चादर सारखी केली.

"बाबा," थोड्या वेळाने ओकुमू म्हणाला, "तिथं तुम्ही कधी येणार नाही, म्हणूनच तिथं ठेवली होती."

"ठाऊक आहे."

"रागावलात?"

"नाही रे. झोप."

एवढंच त्यांचं शेवटचं बोलणं. तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला.

माती झाली त्या दिवशी रावेराच्या सगळ्या गाड्या फाटकाबाहेर उभ्या होत्या. मृत्यूला गावाबाहेर हाकलायला पूर्वी बैल पळवायचे, आता बोडावाले गाड्या पळवतात. वासोंगा सगळ्यांत पुढे होता आणि गाडीवर बसून लहान मुलासारखा रडत होता. ओलाल रडला नाही. आलेल्यांना बसायला खुर्च्या मिळाल्या का, एवढंच तो बघत फिरला.

आठव्या दिवशी त्याचा थोरला भाऊ न्यामवांदा चार म्हाताऱ्यांना घेऊन आला. बरोबर वाडगा होता, कडू पाल्याच्या पाण्याचा. त्याला मन्यासी म्हणतात. रीत मोडली की तो प्यायचा, म्हणजे दोष उतरतो.

"तू मुलाच्या बिछान्यापर्यंत गेलास," न्यामवांदा म्हणाला. "नाइलाजाने गेलास, कुणी बोट दाखवत नाही. पण गेलास. हे घे."

ओलालने वाडग्याकडे पाहिलं.

"दादा, मी आत गेलो त्याचा दोष उतरवायला हे आहे ना?"

"हो."

"आणि मी आत गेलो नाही त्याचा?"

न्यामवांदाने वाडगा आणखी पुढे केला.

"उंबऱ्यापर्यंत गेलो होतो मी," ओलाल म्हणाला. "हात चौकटीला लावून मागे फिरलो. तेव्हा तो जिवंत होता, झोपलेला होता. इथून सरोवर आणि परत, एवढा वेळ होता माझ्याकडे. त्याला कुठला पाला आहे? तो आणा, वाडगाभर नाही, हंडाभर पितो. हे पाणी मला नको. माझ्या हातून एकच गोष्ट बरोबर झाली आणि तुम्ही ती धुवायला निघालात."

"वेडा होऊ नकोस. रीत ती रीत."

"त्या रीतीसाठीच तर थांबलो होतो."

न्यामवांदाने वाडगा जमिनीवर ठेवला. आमोलो स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होती. ती आली आणि ओलालपासून थोडं अंतर ठेवून, सुनेने बसावं तशी, पाय एका बाजूला घेऊन खाली बसली. सातवा महिना लागला होता, तिला बसायला वेळ लागला.

"बाबा, प्या," ती म्हणाली.

"तुला पण वाटतं मी चुकलो? आत गेलो ते?"

"मला तसं काही वाटत नाही. तुम्ही त्याला बाहेर आणलंत. मला त्याचा हात धरायला दोन दिवस मिळाले." ती पदराशी चाळा करत राहिली. "पण माझे दोन गेलेत बाबा, आणि आता तो गेला. हे एक राहिलंय. पाण्यात काही असेल नसेल, मला ठाऊक नाही. तुम्ही प्यायला नाहीत, आणि ह्याला काही झालं, तर मी तुमच्याकडे कशी बघू?"

ओलालने वाडगा उचलला, दोन्ही हातांनी, आणि तोंडाला लावला. मन्यासी फार कडू असतं. लोक डोळे मिटून एका दमात पितात. ओलाल हळूहळू प्यायला, घोट घोट. तळाचा चोथाही त्याने बोटाने निपटून खाल्ला.

"झालं," न्यामवांदा सुटल्यासारखा म्हणाला. "मिटलं सगळं."

"अजून आहे का?" ओलालने विचारलं.

"एवढंच लागतं. एवढ्यात होतं."

ओलालने मान हलवली. म्हातारे काठ्या घेऊन उठले. एकेकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि फाटकाबाहेर गेले. तो मात्र रिकामा वाडगा दोन्ही हातांत तसाच धरून बसून राहिला, आणि आमोलोने तो घ्यायला हात पुढे केला तरी त्याला सोडवेना.