यासुजीकाकांचा खुबा

जपानमधल्या आमच्या यात्सुशिरोत यासुजीकाकांसारखी तातामी कोणी शिवत नसे. ती जाड गवती चटई गुडघ्याखाली दाबायची आणि जमिनीवर बसून दिवसभर सुई ओढायची. तिशीत मूत्रपिंडाच्या दुखण्यावर घेतलेल्या औषधांनी त्यांच्या उजव्या खुब्यातलं हाड आतून मेलं. कृत्रिम सांधा बसवला तर खाली बसणं बंद, म्हणजे धंदाच बंद. म्हणून डॉक्टर हिदाकांनी हाड कापून खुब्याचा गोळाच फिरवला, शाबूत बाजू भाराखाली आणली. वर्षभरात काका पुन्हा चटईवर!

इस्पितळ दूर, फुकुओकाला. तिथून दर वर्षी पोस्टकार्ड यायचं : दुखतं का? जिना चढता येतो का? काका ‘उत्तम’वर गोल करायचे. पहिली पंधरा वर्षं ते खरंही होतं.

“काल जिना बसत बसत कोण उतरलं?” काकू विचारायच्या.

“त्या माणसाने माझं हाड वाचवलं. त्याला दुखतं म्हणून कळवू? तोंडात मारल्यासारखं होईल.”

“मग कण्हायलाही त्याच्याकडेच जा. मला का ऐकवता?”

एकदा मी शहाणपणाने म्हटलं, कार्ड मी भरतो. काकांनी निमूट पेन दिलं आणि शेजारी असे बसले, की माझ्याही हातून ‘उत्तम’च झालं.

बाविसाव्या वर्षी डॉक्टर निवृत्त व्हायला निघाले. जुन्या रोग्यांना त्यांनी शेवटचं तपासायला बोलावलं. काकांना मी गाडीतून नेलं. एक्स-रे लावला आणि डॉक्टरांचं हसू विरलं. गोळा चेपून सपाट झाला होता.

“कुरामोतोसान, हे कधीपासून?” त्यांनी काकांना आडनावाने विचारलं.

“थोडंसंच... हवा पालटली की.”

“पाच वर्षांपूर्वी कळतं, तर काहीतरी करून पाहिलं असतं. आता कृत्रिम सांधाच.”

“आणि चटई?”

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. “तुमचं उदाहरण देऊन मी कितीजणांना धीर दिला,” ते म्हणाले, उठले आणि कमरेत वाकले. “माफ करा.”

डॉक्टर वाकलेले पाहून काका धडपडत उभे राहिले आणि त्यांच्याहून खाली वाकायला गेले. खुबा वळेना. टेबल धरून, दात आवळून ते अर्ध्यावर अडकले. समोरचा ताठ झाल्याशिवाय आपण उठायचं नाही, हे दोघांनाही लहानपणापासून शिकवलेलं. मी मध्ये उभा. कुणाला आधी उठवू, तेच मला कळेना.